फोनमधला फोटो संगणकावर येताना

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे पडले की डाव्या हाताला अधूनमधून पाण्याची पांढरी रेघ दिसू लागते. हे उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी. धरण १९८० साली पुरे झाले, भीमाकाठची अनेक गावे उठली आणि उथळ, चिखलट काठांवर हिवाळी पक्षी उतरू लागले. बहुतेक पाहुणे येतात ते रोहित पक्ष्यांसाठी. आम्ही येथे सांगणार आहोत ती हकीकत मात्र एका कमी दिमाखदार पक्ष्याची, पट्टकादंबाची आहे. डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस मध्य आशियातील सरोवरांच्या काठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो.

इंदापूर तालुक्यातील काठावरच्या एका गावात आमच्या परिचयाचे एक शिक्षक आहेत. २०२५ च्या जानेवारीत ते दर रविवारी आठवी-नववीची सात-आठ मुले घेऊन पाण्यावर जात. मुले पक्षी मोजत, वहीत लिहीत आणि सर आपल्या फोनने फोटो काढत. शाळेत एक आठपट दुर्बीण होती. तिच्या नेत्रभिंगाला फोनचा कॅमेरा चिकटवून फोटो घ्यायची युक्ती मुलांनीच शोधून काढली होती. अशाच एका फोटोत एका पट्टकादंबाच्या मानेवर रंगीत गळपट्टा दिसला. त्यावर अक्षरे होती.

शिक्षकमित्रांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. असे गळपट्टे संशोधक बांधतात. मंगोलियात गळपट्टे बांधलेले पट्टकादंब भारतात यापूर्वी अनेकदा दिसले आहेत. पट्ट्यावरची अक्षरे, दिनांक आणि ठिकाण एवढे कळवले, की तो पक्षी कुठे, कधी आणि कोणी पकडला होता हे उलट टपाली कळते. एका खेडेगावातल्या शाळेची नोंद थेट मध्य आशियातल्या एका सरोवराशी जोडली जाते.

सरांनी जानेवारीतले सगळे फोटो २६ तारखेला, झेंडावंदनानंतर, आमच्या ग्रुपवर टाकले. आम्ही ते मोठ्या पडद्यावर उघडले. पट्टा होता. अक्षरांच्या जागी मात्र तीन करड्या डागांपलीकडे काही नव्हते. फोटो कोणत्या दिवशीचा, हेही कळेना. मुले म्हणाली १२ तारखेचा, सर म्हणाले १९ चा. आमच्याकडे आलेल्या फाइलच्या नावात तारीख होती, पण ती २६ जानेवारीची. म्हणजे फोटो काढल्याची नव्हे, तो आमच्या फोनवर पोचल्याची.

इतर कामांच्या गडबडीत आम्ही मूळ फाइल मागायला फेब्रुवारीची २८ तारीख उजाडवली. सर म्हणाले, "ते तर तेव्हाच काढून टाकले. फोन भरला होता आणि तुमच्याकडे पोचले होतेच ना!" त्यांच्या फोनमधली कचरापेटी काढून टाकलेले फोटो ३० दिवस सांभाळत असे. ३३ दिवस झाले होते. चूक सरांची म्हणायची तर तितकीच आमची. फोटो "पोचले" या शब्दाचा अर्थ आम्ही दोघांनीही तपासला नव्हता.

फोनमधून संगणकावर फोटो नेणे हे आता शाळाशाळांतून रोजचे काम झाले आहे. सहल, विज्ञान प्रदर्शन, शालेय पोषण आहार, सगळ्यांचे फोटो घ्यावे लागतात आणि कुठेतरी पाठवावे लागतात. म्हणून या वाटेवर फोटोचे नेमके काय होते ते जरा खोलात जाऊन पाहू.

आकड्यांचे चित्र

फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला तेव्हा तो १७६ ओळी आणि १७६ स्तंभांचा होता. प्रत्येक चौकोन एकतर काळा, नाहीतर पांढरा. आजचा साधा फोन ४००० स्तंभ आणि ३००० ओळींचा फोटो काढतो. म्हणजे एक कोटी वीस लाख चित्रबिंदू, ज्यांना आपण पिक्सेल म्हणतो. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट किंवा ३६ मेगाबाइट. प्रत्यक्षात फोनमधली फाइल साधारण चार मेगाबाइटची असते. उरलेले बत्तीस गेले कुठे?

ते आकुंचनात गेले. फोटो साठवण्याची जेपेग ही पद्धत १९९२ साली प्रमाण ठरली. तिचा गाभा मात्र त्याआधीचा, १९७४ सालचा आहे, आणि तो बंगळुरात शिकलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन व राव या सहकाऱ्यांसह मांडला. कल्पना अशी, की फोटोचे आठ गुणिले आठ बिंदूंचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातले आकडे जसेच्या तसे न लिहिता "सरासरी किती आणि तीवर कोणत्या लाटा किती उंचीच्या" अशा भाषेत लिहायचे. एका ओळीत १००, १०२, १०४, १०६, १०८, ११०, ११२, ११४ असे आठ आकडे असले, तर "सरासरी १०७, डावीकडून उजवीकडे सावकाश चढ" एवढे सांगून भागते. आकाश, पाणी, भिंत, चेहऱ्याची त्वचा यांचे चौकोन असेच असतात. बारीक, तीव्र लाटा बहुधा अगदी लहान असतात आणि डोळ्याला जाणवत नाहीत. त्या गाळून टाकल्या की फाइल आटते.

आता दुसरी ओळ पाहा: २०, २०, २३०, २३०, २०, २३०, २०, २०. ही काळ्यावर पांढऱ्या अक्षराची ओळ आहे. येथे सरासरी काहीच सांगत नाही, सगळा अर्थ तीव्र लाटांतच आहे. त्याच गाळल्या की अक्षर पुसट होते आणि त्याच्याभोवती घाण पाण्यासारखे तरंग उठतात. म्हणजे गाळणी पाण्याच्या पृष्ठभागावर फारसा अन्याय करत नाही, गळपट्ट्यावर करते. उसाच्या पानावरच्या तांबेऱ्याचे बारीक ठिपके, डाळिंबाच्या सालीवरचा पहिला डाग, फळ्यावरचे खडूचे अक्षर, या सर्वांची हीच गत. बारामती-इंदापूरकडचे शेतकरी पानाचा फोटो पाठवून रोग विचारतात आणि समोरच्याला तो धड दिसत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

व्हॉट्सॲपवरून फोटो साध्या रीतीने पाठवला की दोन गोष्टी होतात. एक, फोटो लहान केला जातो. लांब बाजू साधारण १६०० बिंदूंची होते. ४००० चे १६०० म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही ०.४ पट, आणि बिंदूंची संख्या एक कोटी वीस लाखांवरून एकोणीस लाखांवर. दोन, जेपेगची गाळणी पुन्हा एकदा, अधिक कडकपणे लावली जाते. यात काही गैर नाही. कोट्यवधी लोकांनी वाढदिवसाचे फोटो झटपट एकमेकांना पाठवावेत म्हणूनच ही सोय आहे. २०२३ पासून "एचडी" असाही पर्याय मिळतो. त्यात फोटो मोठा राहतो, तरी तो मूळ फाइल नव्हे. मूळ फाइल जशीच्या तशी जायला हवी तर ती "फोटो" म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावी लागते. आमचा ग्रुप चालवणाऱ्यांत चार पीएच.डी. होते, आणि त्यांतल्या एकालाही हे मुलांना आधी सांगावेसे वाटले नाही!

हंसाच्या मानेवरचे गणित

पट्ट्यावरची अक्षरे मूळ फोटोत तरी वाचता आली असती का? हा प्रश्न नववीच्या मुलांना सोडवता येतो, म्हणून सविस्तर देतो.

हंस ५० मीटर दूर होता असे धरू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र आडवे सुमारे ६७ अंशांचे असते. ५० मीटरवर तेवढ्या कोनात साधारण ६६ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. (त्याचे सूत्र: दोन गुणिले ५० गुणिले साडेतेहतीस अंशांची स्पर्शज्या.) ६६ मीटर ४००० बिंदूंत वाटले, तर एका बिंदूच्या वाट्याला १.६५ सेंटिमीटर येतात. अक्षर दोन सेंटिमीटर उंच धरले, तर ते जेमतेम एका बिंदूएवढे! नुसत्या फोनने काढलेल्या फोटोत ते वाचता येणे शक्यच नव्हते. आठपट दुर्बिणीतून मात्र एका बिंदूला सुमारे ०.२ सेंटिमीटर येतात आणि अक्षराची उंची दहा बिंदूंची होते.

दहा बिंदू पुरतात का? रेल्वे स्थानकावर किंवा बसच्या कपाळावर लाल दिव्यांनी सरकणारी अक्षरे आठवा. इंग्रजी अक्षरांसाठी पाच स्तंभ आणि सात ओळींची मांडणी तेथे नेहमी वापरतात. सात ओळींत अक्षर ओळखू येते. म्हणजे दहा बिंदू पुरावेत, हात हलला नसेल तर. आता त्याला ०.४ ने गुणा. उरतात चार बिंदू. चार ओळींत अक्षर बसत नाही. शिवाय ते अख्खे अक्षर जेपेगच्या एकाच चौकोनाच्या अर्ध्या भागात पडले आणि गाळणीतून गेले. आमच्या पडद्यावरचे तीन करडे डाग म्हणजे हेच चार-चार बिंदू.

वर्गात हे करून पाहायला संगणक लागत नाही. आलेख कागदावर दहा बाय दहा चौकोनांत "ब", "व" आणि "क" ही अक्षरे चौकोन भरून काढायला सांगा. मग तीच अक्षरे चार बाय चारमध्ये. मोठ्या जाळीतील जितके चौकोन एका लहान चौकोनात येतात त्यांतले निम्म्याहून अधिक काळे असतील तरच तो भरायचा. नंतर कागद शेजारच्या बाकावर द्या आणि वाचून घ्या. "ब" आणि "व" यांत फरक करणारी ती एक तिरकी रेघ पहिली नाहीशी होते. मुले मग आपणहून विचारतात, "संगणक ते पुन्हा स्पष्ट करू शकत नाही का?" आजची काही ॲप तसे करून दाखवतात, अक्षर चांगले ठळक दिसू लागते. पण चार बिंदूंवरून "ब" होता की "व" हे ठरवताना ते ॲप अंदाज करत असते. नोंदवहीत अंदाज आणि निरीक्षण यांची गल्लत झाली की त्या वहीचा उपयोग संपला.

फोटोला चिकटलेली चिठ्ठी

आता दुसरे नुकसान, जे आमच्या मते पहिल्याहून मोठे आहे. वनस्पतिशास्त्राच्या संग्रहात वाळवलेल्या फांदीखाली एक चिठ्ठी असते: कोठे, केव्हा, कोणी गोळा केली. चिठ्ठी हरवली की फांदी नुसता पालापाचोळा. डिजिटल फोटोलाही अशी चिठ्ठी असते. १९९५ साली जपानमध्ये तिचे प्रमाण ठरले आणि तिला एक्झिफ म्हणतात. चित्राच्या आकड्यांआधी, त्याच फाइलच्या पोटात, दिनांक, सेकंदापर्यंतची वेळ, कॅमेऱ्याचे नाव, प्रकाश किती वेळ घेतला ते आणि परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवलेल्या फोटोतून ही चिठ्ठी काढून टाकली जाते.

संगणकावर ही चिठ्ठी पाहायची तर फाइलवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज आणि त्यात डिटेल्स उघडावे. तेथे "डेट टेकन" असते, ती खरी तारीख. तिच्याशी "डेट क्रिएटेड" ची गल्लत होऊ देऊ नका. "क्रिएटेड" म्हणजे ही प्रत या संगणकावर कधी तयार झाली ती तारीख. सहलीचे फोटो जूनमध्ये उतरवले तर फेब्रुवारीची सहल जूनमध्ये झालेली दिसते. मुख्याध्यापकांनी मागितलेल्या अहवालात ही तारीख गेल्याचे आम्ही पाहिले आहे.

तारीख आणि जागा यांवाचून फोटोला किती किंमत उरते हे उजनीकाठच्या लोकांना सांगायला नकोच. पाण्याखाली गेलेल्या जुन्या पळसदेवचे देऊळ पाणी ओसरले की वर येते. त्याच्या एका फोटोवरून फार काही कळत नाही. तोच फोटो दहा वर्षे, ठरावीक जागेवरून, तारखेसह घेतला तर धरणातल्या पाण्याचा इतिहास होतो. शेतकरीही हे आता करतातच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत उभ्या पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच घ्यावा लागतो, कारण फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जावे लागतात. तलाठ्याच्या नोंदीला जे हवे ते पक्षिनिरीक्षणाला का नको?

तार

मग फोटो उतरवायचे कसे? अनेक वाटा आहेत, पण शाळेसाठी आम्ही अजूनही तारेलाच पहिली पसंती देतो. आधी हिशेब करू. हिवाळाभराचे दोन हजार फोटो, प्रत्येकी चार मेगाबाइट, म्हणजे आठ गिगाबाइट. यूएसबीची दुसरी आवृत्ती कागदावर सेकंदाला ४८ कोटी बिट नेते. प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइट मिळाले तरी साडेचार मिनिटांत काम होते. ब्लूटूथवर सेकंदाला २० लाख बिट धरले, तर जवळजवळ नऊ तास. इंटरनेटवर वर चढवण्याचा वेग सेकंदाला ५० लाख बिट असेल तर साडेतीन तास, आणि मग संगणकावर तेवढेच पुन्हा उतरवायचे. मधेच वीज गेली तर काय होते ते ग्रामीण भागातील शिक्षक आम्हाला सांगतील.

यूएसबी १९९६ साली आली. ती विकसित करणाऱ्या इंटेलमधील गटात बडोद्याला शिकलेले अजय भट्ट प्रमुख होते. शाळेत तुटलेली एखादी जुनी केबल असेल तर ती मुलांसमोर सोला. आत चार तारा दिसतील: तांबडी आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. पुष्कळदा आत दोनच निघतात! ती केबल फक्त चार्जिंगची. "फोन जोडला तर चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही" या तक्रारीचे निम्मे उत्तर या दोन न घातलेल्या तारांत आहे.

उरलेले निम्मे उत्तर फोनच्या पडद्यावर असते. अँड्रॉइड फोन जोडल्यावर सुरुवातीला फक्त चार्ज होतो. कुलूप उघडून, वरून सूचनापट्टी खाली ओढून "फाइल ट्रान्सफर" निवडावे लागते. आयफोन "या संगणकावर विश्वास ठेवायचा का" असे विचारतो. ही कटकट मुद्दाम ठेवली आहे. नाहीतर सायबर कॅफेत चार्जिंगला लावलेल्या फोनमधले फोटो कोणीही उतरवून घेतले असते.

जुन्या लोकांना आठवत असेल की पूर्वी फोन संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसायचा. आता तसा दिसत नाही, याचे कारण मजेशीर आहे. शाळेच्या दाखला-रजिस्टरची कल्पना करा. दोन कारकून एकाच वेळी, एकमेकांना न विचारता त्यात लिहू लागले तर तासाभरात रजिस्टरचा सत्यानाश होईल. पेन ड्राइव्हचे रजिस्टर संगणक स्वतःच्या ताब्यात घेतो. फोन मात्र स्वतःच एक संगणक आहे. फोटो, निरोप, नोंदी तो सतत लिहीत असतो. पूर्वी त्याला तेवढा वेळ आपले रजिस्टर सोडून द्यावे लागे. आता रजिस्टर फोनकडेच राहते आणि संगणक खिडकीशी उभा राहून "अमुक नावाची फाइल द्या" असे म्हणतो. या देवाणघेवाणीच्या नियमांना एमटीपी म्हणतात. म्हणूनच फोनमधली यादी उघडायला वेळ लागतो आणि एकदम हजार फाइली मागितल्या तर काम कधीकधी अडकते. दोनशे-तीनशेंचे गठ्ठे करून मागावे.

फोनच्या आत डीसीआयएम नावाचे कपाट दिसेल. १९९८ पासून डिजिटल कॅमेरे हेच नाव वापरत आले आहेत आणि फोनांनीही ते उचलले. त्यातल्या कॅमेरा या कप्प्यात मूळ फोटो असतात. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो वेगळ्या कप्प्यात असतात, आणि घाईत बरेच जण नेमका तोच उतरवून घेतात. आयफोनचे फोटो २०१७ पासून हाइक नावाच्या नव्या आकुंचनात साठवले जातात. काही संगणकांना ते उघडत नाहीत. फाइल बिघडली असे समजून काढून टाकू नये, वाचणारे सॉफ्टवेअर तेवढे घालावे.

एक गैरसमज येथेच दूर करू. कार्बन कागदाची पाचवी प्रत फिकी असते, कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढते, म्हणून फोटोची प्रत काढली की तोही थोडा खराब होत असेल, असे अनेकांना वाटते. तसे नाही. आकडे जसेच्या तसे उतरवले तर शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते. खराबी येते ती फोटो उघडून, कापून-सजवून पुन्हा साठवताना किंवा वाटेत कोणी लहान करून पाठवताना.

ताळा

पण आकडे जसेच्या तसेच उतरले हे कशावरून? गुणाकार केला की ताळा पाहायची सवय आपण मुलांना लावतो. येथेही तेच. समजा ५२, ११८, ९७, २०३ हे चार आकडे पाठवायचे आहेत. बेरीज ४७०. तीही सोबत पाठवली तर एखादा आकडा बदलल्यास कळेल. पण ११८ आणि ९७ यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच येते. म्हणून पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ आणि चौथ्याला ४ ने गुणून बेरीज घेऊ: ५२ अधिक २३६ अधिक २९१ अधिक ८१२, म्हणजे १३९१. अदलाबदल झाली तर हीच बेरीज १४१२ येईल आणि चोरी पकडली जाईल. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक असाच, याहून हुशार पद्धतीने काढलेला ताळ्याचा अंक असतो. यूएसबीच्या तारेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे एका खास भागाकाराची बाकी जोडलेली असते. पलीकडे तोच भागाकार पुन्हा होतो, बाकी जुळली नाही तर तो गठ्ठा परत मागवला जातो.

तार आपला ताळा पाहते, माणसानेही पाहावा. आम्ही स्वतः पाळतो ती रीत सांगतो. फोटो "कट" करायचे नाहीत, "कॉपी"च करायचे, कारण कट करताना मधेच केबल हलली तर काय कोठे राहिले याचा पत्ता लागत नाही. मग दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवायचे. बाइट शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत, "आठ जीबीच्या आसपास" चालत नाही. चार-पाच फोटो उघडून "डेट टेकन" दिसते का ते पाहायचे. त्यानंतर दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची आणि ती डिस्क संगणकाच्या शेजारी ठेवायची नाही. हे सगळे झाल्यावर फोन रिकामा करायला हरकत नाही. सरांना आम्ही हे फेब्रुवारीच्या शेवटी शिकवले. ते जानेवारीच्या सुरुवातीला शिकवायला हवे होते.

त्यांच्या फोटोचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. एका मुलाने त्याच सकाळी वडिलांच्या फोनवर, दुर्बिणीशिवाय, त्याच थव्याचा फोटो घेतला होता. तो फोन आम्ही तारेने जोडला. चिठ्ठी शाबूत होती: १९ जानेवारी, सकाळचे ७ वाजून ४२ मिनिटे, अक्षांश-रेखांशासह. दोन्ही फोटोंत पाण्यात अर्धी बुडालेली एकच बाभूळ होती आणि थव्यातले हंस दोन्हीकडे २३ भरले. तारखेचा वाद मिटला, सरांची आठवण बरोबर निघाली. गणिताने सांगितल्याप्रमाणे या फोटोत गळपट्टा म्हणजे एक ठिपका होता. नोंदवहीत त्या दिवसापुढे आता असे लिहिले आहे: "पट्टकादंब २३. एकाला गळपट्टा. अक्षरे तीन, वाचता आली नाहीत."

चिठ्ठी मुद्दाम काढून टाकावी असेही प्रसंग असतात, ते लक्षात असू द्यावे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, चिंकारांसाठी राखलेले. तेथे पाडस कोठे बसले आहे किंवा माळावर एखाद्या पक्ष्याचे घरटे कोठे आहे, ते अक्षांश-रेखांशासह जगजाहीर करणे धोक्याचे आहे. विद्यार्थ्यांच्या फोटोंचेही तसेच. घरी काढलेल्या फोटोच्या चिठ्ठीत घराचा पत्ताच असतो. अशा वेळी चिठ्ठीसह मूळ फोटो शाळेच्या संगणकावर ठेवावा आणि बाहेर द्यायची प्रत वेगळी करून तिच्यातून चिठ्ठी काढावी. त्यासाठी विंडोजमध्ये त्याच डिटेल्सच्या पानावर, अगदी तळाला, माहिती काढून टाकण्याचा दुवा दिलेला आहे. तो दाबल्यावर "सर्व माहिती काढलेली नवी प्रत करा" हा पर्याय निवडावा. दुसरा पर्याय मूळ फाइलमधूनच चिठ्ठी खोडतो.